पूर्णगडातले अपूर्णांक

तिसरं कपाट कुणी उघडत नाही.
कादंबऱ्यांच्या कपाटाची बिजागरी झिजली,
याची गंजली.
विज्ञान, गणित, तत्त्वज्ञान, नवे शोध,
अशी चिठ्ठी आधीच्या ग्रंथपालानं डकवलेली.
कसरीनं खाऊन खाऊन
त्यातलं 'तत्त्व' तेवढं शिल्लक ठेवलंय.

चैत्रात पुस्तकांना ऊन दाखवावं लागतं.
खाडीकडच्या अंगणात
सुकट घालावी तशी मी ती गोणपाटावर पसरली.
वाऱ्यानं पानं चाळली, माझ्यापेक्षा भराभर,
आणि समासात पेन्सिल दिसली.
अक्षर बारीक, एका अंगाला कललेलं,
डोलत्या होडीत बसून लिहावं तसं.

छापलं होतं :
भरती रोज पन्नास मिनिटं उशिरा येते.
समासात :
तिथीची पाऊणकी करावी.
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.
रोजची पाच मिनिटं कमी भरतात,
ती मुचकुंदी ठेवून घेते.

तत्त्वज्ञानाचं एक जाडजूड.
चारशे पानं, शंका एकच :
आजवर उगवला म्हणून
सूर्य उद्याही उगवेल, हे कशावरून?
समासात :
पापलेट दर साली यायचं.
औंदा नाही.

यंत्रांच्या इतिहासात, पहिल्याच प्रकरणात :
शोध लावणारा माणूस एकटा असतो.
समासात :
मग जाळ्याचं दुसरं टोक कोण धरतं?

मी मोठ्यानं हसले.
कुंपणावरचा कावळा उडाला,
परत येऊन बसला.

चौथं अनंताबद्दलचं, मुखपृष्ठ गेलेलं.
त्यात ते जुनं कोडं :
किनारा गाठायचा तर आधी अर्धं अंतर,
मग उरलेल्याचं अर्धं, मग त्याचंही अर्धं.
अर्धी संपत नाहीत.
तेव्हा होडी पोचणार कशी?
समासात, ठसठशीत :
पोचते. रोज.

आणि खाली,
दुसऱ्या पेन्सिलीनं, फिकट,
रोज नाही.

मागच्या कागदावर दोनच शिक्के.
सभासद दोनशे चौदा. पुन्हा दोनशे चौदा.
मध्ये अकरा वर्षं.

नोंदवहीत नाव सापडलं :
होडेकर, अब्दुलसत्तार. बंदर मोहल्ला.
गेले तेव्हा ते ओट्यावर
रेडिओचे सेल उन्हात मांडत होते.
माझ्या हातातली पुस्तकं पाहिली
आणि ओळख करून द्यायच्या आत म्हणाले,
"दंड असेल.
पुस्तकावर लिहू नये, पाटीच आहे तुमच्या दारात."

दंड आहे, पुस्तकामागे एक रुपया.
आमच्या नियमावलीला साठ वर्षं झाली,
रुपया बदलायचं कुणाला सुचलं नाही.
मी दंड मागायला आले नव्हते.
काय मागायला आले होते, तेही नीट आठवेना.

त्यांनी बंडीच्या खिशातून नाणी काढली,
एकेक करून माझ्या तळहातावर ठेवली.
तीन.
चौथं पुस्तक उघडलं, पान चाचपलं,
त्यांना शोधावं लागलं नाही.
"याचा नको," म्हणाले.
"इथं चुकलो होतो.
माझं मीच दुरुस्त केलंय."

कोणती होडी, मी विचारलं नाही.
होडीत कोण, तेही नाही.
आतून कुणीतरी चहाची कपबशी पुढे सरकवली,
फक्त बांगड्या दिसल्या.

मी पावती फाडली.
चार पाऊण तीन,
शाळेत घोकलेलं कुठून तरी ओठांवर आलं,
ते ऐकून ते एवढंच म्हणाले,
"बरोबर."

अनंताचं पुस्तक मी त्यांच्याकडेच ठेवलं.
परतीच्या तारखेची जागा कोरी सोडली.

वद्य चतुर्थी होती.
धक्क्यावर आले तेव्हा घड्याळात तीन,
आणि पाणी वरच्या पायरीखाली
वीतभर अजून दूर.
पायात चपला, मुठीत तीन नाणी,
मी तिथंच उभी राहिले,
खाडीनं ठेवून घेतलेली
पाच मिनिटं.