पोटमीटर

एस्पेरांस बाय दर महिन्याच्या तीन तारखेला
चिठ्ठी पाठवायची. कॅलेंडरचं फाडलेलं पान,
पाठकोऱ्या बाजूला निळ्या शाईत: युनिट एकशे बेचाळीस,
गुणिले दहा. खाली रेघ. रेघेखाली सही,
जणू बँकच.

सात वर्षं आम्ही तिच्या तारेवर जगलो.
तार तिच्या मीटरमधून निघायची,
फणसाच्या फांदीला वळसा घालून
आमच्या स्वयंपाकघरात शिरायची,
आणि फडताळाशेजारी तो पोटमीटर.
आमच्याआधी त्याचं पोट भरायचं.

मी ब्लाउज शिवते. मशीनला मोटर आहे.
पाय दाबला की काचेमागची तबकडी पळते,
उचलला की जराशी पुढे जाऊन थांबते.
एक बाही झाली की मी मान वळवून बघायचे,
हिनं किती खाल्लं.
अस्तराचे, हुकांचे पैसे सांगता येतात गिऱ्हाइकाला.
तबकडीचे कसे सांगणार?

मग सावर्ड्याच्या नणंदेनं तिचं बिल दाखवलं.
वीज खात्याचं, छापील. फ्रीज, दोन पंखे, विहिरीचा पंप,
आणि रक्कम आमच्या निम्म्याहून कमी.
त्या रात्री प्रेमानंद अंथरुणावर बसून
सात वर्षांचा गुणाकार बोटांवर करत होता.
मध्येच सोडला.
"राहू दे," म्हणाला, "हातचा विसरलो."

अर्जाला घरपट्टीची पावती हवी
आणि तिचा ना हरकत दाखला.
म्हणजे जिच्याकडची वीज सोडायची
तिच्याच सहीनं.
कुडचड्याच्या ऑफिसात खिडकीमागचे नाईकबाब म्हणाले,
"हरकत नसली तर लवकर होईल."
असली तर काय, ते नाही म्हणाले.

बाय खूप वेळ चष्मा पुसत राहिली.
"मी चोरी नाही केली गो.
तुमचं-माझं मिळून बिल वरच्या टप्प्यात जायचं,
तो दर कुणी भरायचा?"
हे खरं होतं. अर्धं.
उरलेल्या अर्ध्यातून तिच्या ओसरीची कौलं बदलली होती.
ती कौलं चढताना मी पाहिली होती,
चढवणाऱ्यांना चहाही मीच दिला होता.
तिनं सही केली.
नेहमीचीच. या वेळी वर रेघ नव्हती.

गुरुवारी उल्हास लाइनमन आला.
पांढरी पेटी भिंतीला ठोकली, सील लावलं, निघून गेला.
तबकडी नाही, नुसता एक लाल ठिपका.
मी मशीनवर बसून पाय दाबला
तर शलाका बाहेरून ओरडली,
"आई, हा भराभर डोळे मारतोय!"

पहिलं बिल सहाशे अठ्ठावीस.
वाचलेले सातशे ब्याण्णव मी मोजून
चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवले.
सिलिंडर आला, त्यात गेले.
पण दहा दिवस होते ते डब्यात. डबा हलवला की वाजायचे.

जुनी तार तशीच आहे, टोकाला काळी टेप.
बाय म्हणाली, काढू नको, पायपुसणी वाळत घालीन.
पूर्वी वीज गेली की दोन्ही घरं एकदम विझायची.
तिकडून "गेली गो?"
इकडून "गेली!"
एवढं बोलणं तरी व्हायचं.
आता काळोखाचीही वाटणी झाली.

परवा रात्री तिचाच फेज गेला.
माझ्याकडे पंखा फिरतोय, मशीन चालू,
आणि कुंपणापाशी टॉर्च.
"लांब वायर आहे? फ्रीजमध्ये मासळी आहे माझी."
मग थांबून,
"युनिटला किती घेशील?"
हसली. मीही हसले.
वायर सोडवत होते, गाठी फार पडल्या होत्या,
आणि देवाशपथ सांगते,
जिभेच्या टोकावर आला होता आकडा.
दहा.