चौदा सेकंद

वडसा स्टेशनसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
कवडू नाकाडे करारनामा घेऊन आला.
अकरा पानं, सगळी इंग्रजी.
मालिकेत कोणी घर सोडून जाते,
तिथं याच्या ऑर्गनचे चौदा सेकंद पाहिजेत.

मी वाचत गेलो, मराठी करत:
संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी.
'विश्व म्हणजे कुठवर जी?
आपलं नाटक त आरमोरीच्या पलीकडं नाही गेलं.'

कलम सहा. चाल माझीच आहे,
कोणाकडून घेतलेली नाही.
इथं तो थांबला.
चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला.
'गभण्याच्या धानगिरणीचा पट्टा घसरे,
त्या आवाजावरून सुचली होती मले.
गभण्याची सही लागन का?'

मी म्हटलं, पट्टा कोर्टात जात नाही.
तो हसला नाही.

कलम नऊ. दुसऱ्या कोणाला वापरता येणार नाही.
'आन् रोवण्यात बाया गुणगुणतात ते?
मंडईच्या रातीला पोरं शीळ घालतात ते?'
माझाच पेन घेतला,
समासात वाकड्या अक्षरात लिहिलं:
चिखलातल्या बाया सोडून.
मग सही. तारीख.
पोरांचं लिहायचं राहून गेलं.

स्कॅन करून पाठवलं.
बावीस रुपये होत होते, वीस घेतले.

तीन आठवडे झाले, कंपनीचं उत्तर नाही.
परवा आला. विचारलं काहीच नाही.
काउंटरच्या काचेवर
बोटं फिरवत उभा राहिला,
गाडी येईपर्यंत.
मी उगाच मनात मोजत होतो.
चौदाच्या कितीतरी पुढं गेली.