बोट बाहेर

चौदा महिन्यांनी परवाना आला.
तोवर दोंडाईच्याच्या माझ्या पथारीवर
मिरचीचा दुसरा हंगाम वाळून पोत्यांत गेला होता,
आणि मागच्या दाराची कडी,
त्या रात्री पहारीने वाकवलेली,
मी मुद्दाम सरळ करून घेतली नव्हती.

धुळ्याच्या दुकानात हिलाल बापूंनी
निळ्या फडक्यावर तीन मांडली,
सोनार पाटल्या मांडतो तशी.
मी शिंकले. बापूही शिंकले.
माझ्या पदरातली मिरची
कुठेही माझ्या आधी पोचते.

पहिलं चपटं, काळं, देखणं.
वरचा पत्रा मागे ओढताना मनगट हरलं.
दुसरं लांब नळीचं,
नेमाला उत्तम म्हणाले,
पण ते धरून मी सर्कशीतली दिसत होते.
तिसरं रिव्हॉल्वर. सहा घरांची चक्री, लाकडी मूठ,
शोभेला काहीच नाही.

‘जड शे का?’

तळहातावर तोललं.
बावीस वर्षं माल तोलतेय,
काटा नंतर बोलतो, हात आधी.
‘सातशेला थोडं कमी.’
बापू हसले,
मग कागद पाहिला आणि हसायचे थांबले.

एवढ्यात माझं बोट आपोआप चापावर गेलेलं.
त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं ते हळूच उचललं,
ताटातली माशी उचलावी तसं.
‘मन ठरत नही तवलगून बोट भायेर.’

मला भुराबाई आठवली.
मी नवी सून, पथारीवर पहिला दिवस, पायाखाली लालच लाल.
ती म्हणालेली, बाकीचं येतं हळूहळू,
फक्त डोळ्याला हात लावू नको.
दुपारपर्यंत मी लावलाच होता.

पावतीपुस्तक उघडता उघडता बापूंनी विचारलं,
‘तुमना घरमा रातले कोन कोन उठस, ताई?’

मी सांगू लागले.
तात्या, माझे सासरे. तीनला मोरीत जातात,
येताना वाट विसरतात,
भिंत चाचपत माझ्या दाराशी येऊन उभे राहतात.
ओजल, परीक्षा असली की चारला चहा करते,
दिवा न लावता.
आणि तेजस.
उशिरा आला की कंपाउंडवरून उडी मारतो,
कारण फाटक वाजतं.

तिसऱ्या नावाशी माझा आवाज बसला.
त्या रात्रीही कडी करकरली तेव्हा
मी अंथरुणातूनच ओरडले होते,
‘तेजस, फाटकातून ये की रे!’
आणि दाराआडचा कुणाचा तरी श्वास
थांबला होता.

बापू बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग फडक्याची घडी घातली.
‘आधी कुलूप ल्या. मंग हाई.’

मी दोन्ही घेतलं.
लोखंडी पेटी रिव्हॉल्वरच्या बारापट जड,
हमालानं जिन्यात दोनदा टेकवली.
अंगणात दिवा लावला, कुणी हललं की पेटणारा.
तो मांजरालाही पेटतो. पेटू दे.

रविवारी रेंजवर जाते.
शिकवणारी मुलगी ओजलच्या वयाची,
म्हणते, काकू, श्वास अर्धा सोडा, तिथे थांबा.
त्या अर्ध्या श्वासात भाव नसतो, उधारी नसते,
पहारही नसते.
खरं सांगते, मला तिथे बरं वाटतं.
हे कुणाला सांगत नाही.

पहिला कागद घरी आणला,
मधला गोल कोरा, भोकं सगळी कडेला.
तात्यांनी तो उलटा धरून पाहिला,
म्हणाले, कोणत्या पिकाला गं ही कीड?

कडी आता सरळ आहे.
रात्री काही वाजलं की मी आधी नावं घेते,
एकेक, मोठ्यानं, ओ येईपर्यंत थांबते.
मग दिवा. मग किल्ली.
पेटी अजून एकदाही उघडावी लागली नाही,
रविवार सोडून.

रविवारी हात तीनदा धुते.
वास जातो.
तरी संध्याकाळपर्यंत
डोळ्याला लावत नाही.