राकसकोपचा वळसा

एकतीस वर्षं मी शहरात व्हॉल्व्ह फिरवले.
शहापुरात पहाटे साडेचारला, वडगावात सातला,
खडेबाजारच्या बोळात एक दिवसाआड.
लोखंडी चावी खांद्यावर, मफलर कानाला,
आणि दारादारांतून घागरी आपटत विचारणं:
"आलं की हो पाणी?"
कुठनं आलं, हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

आज पौषात, पेन्शनच्या दुसऱ्या वर्षी,
पहिल्या गाडीनं येऊन उतरलो.
पाटी कन्नडात, कंडक्टरची हाक मराठीत,
सुट्ट्यावरनं दिलेली शिवी दोन्हीत.

धरणावर धुकं. म्हणजे धरणच नाही,
नुसता कठडा, त्यावर माझा हात.
खाली कुठंतरी पाणी दगडाला
भांडी विसळल्यासारखं लागत होतं.

गेजजवळ इराप्पा, घोंगडं डोक्यावरनं.
पट्टीवरचा आकडा त्यानं कन्नडात वाचला,
वहीत इंग्रजीत लिहिला,
मला मराठीत सांगितला, आणि वर म्हणाला,
"भरलंय, खरं उन्हाळा लांब हाय."

आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण'.
सून पुण्याची. पहिल्या दिवाळीला गोंधळली होती.
"येतो म्हणाला खरं आला नाही, म्हणजे काय बाबा?
आला की नाही?"
नाही आला, म्हटलं.
"मग खरं काय त्यात?"
तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

डावीकडनं निघालो.
भात निघालेल्या वावरांत मसूर वर आलेला,
बोटभर, दवाच्या वजनानं एका अंगाला.
गवताच्या गंजीवर कुणीतरी जुनी साडी पसरून
वर सायकलचा टायर ठेवलेला.
टिटवी माझ्यावर ओरडली,
मी गेल्यावरही बराच वेळ ओरडत राहिली.

धुकं फाटलं तसं पाणी दिसलं.
एवढं असेल असं वाटलं नव्हतं.
मधे चांदव्यांचा काळा ठिपका, हजारभर तरी,
आणि लांब एक चक्रवाकाची जोडी,
ऊन पडलं तशी विटकरी.

एका वळणावर मोबाईल किणकिणला:
महाराष्ट्रात आपले स्वागत.
वीस पावलांनी पुन्हा:
कर्नाटकात.
मधोमध एक म्हैस उभी होती.
तिच्याकडं मोबाईल नव्हता.

बांधावर धूर. एक बाई
उरलीसुरली रताळी राखेत पुरत होती.
"बसा की. कुठलं गाव?"
बेळगाव. नळपाण्यात होतो, सर्व्हिसला.
ती हसली, काडीनं एक रताळं उकरून
माझ्याकडं ढकललं.
"आमच्यात बी नळ आलाय की.
दारातच बसवलाय. निळा पाईप.
खरं पाणी यायचं हाय."
आणि मान वळवून तिनं समोर बघितलं,
पाण्याकडं.
रागानं नाही. गुरं आहेत ना जागेवर, असं बघतात तसं.

रताळं या हातातनं त्या हातात करत राहिलो.
तोंड भाजायच्या भीतीनं
बोलावं लागलं नाही, ते बरं झालं.

पुढं ओढा येऊन धरणाला मिळतो.
तिथं वाट संपते, पलीकडं पुन्हा दिसते.
चपला काढल्या, पँट दुमडली,
दोन पावलं गेलो आत.
थंडी हाडाला लागली.
आणि एकदम ध्यानात आलं, एवढ्या वर्षांत
मी लोखंडालाच हात लावला होता.
ओंजळ भरली. काय करावं कळेना.
परत सोडून दिली.

तिसरं पाऊल टाकलं नाही. गुडघा,
असं मी स्वतःला सांगितलं.
आल्या वाटेनंच मागं फिरलो.
मसूर आता सरळ उभा होता, दव गेलेलं.
राखेची जागा होती, बाई नव्हती.

इराप्पा दुपारचा आकडा लिहीत होता.
"आला काय फिरून सगळं?"
"आलो," म्हटलं, "खरं..."
गाडीनं हॉर्न दिला.
पळालो.
खिशात रताळ्याची साल, अजून जराशी गरम.