नळाचं तोंड

सिडकोत, आमच्या सहाव्या स्कीममध्ये,
पाणी साडेसहाला येतं, सव्वासातला जातं.
त्यातली दहा मिनिटं मी ओट्याशी उभा,
मोरीतलं पिंप भरेपर्यंत
पाइप नळाला दाबून,
नाक दाबून तोंड उघडायला लावावं तसा.

जुना नळ पितळी होता. बेढब, हिरवट,
तोंडाला तीन वळ्या.
वळ्यांवर पाइप चढवायचा,
सायकलच्या ट्यूबची पट्टी, चार फेरे, एक गाठ.
बास. एकोणीस वर्षं चाललं.
मग मुलानं किचन नवं केलं.
आता नळ चकचकीत, त्यात माझा चेहरा
भोपळ्याएवढा दिसतो,
आणि त्या गुळगुळीत तोंडाला
काही म्हणजे काही धरत नाही.

पट्टी बांधली, सुटली.
रविवार कारंजावरून स्क्रूची क्लिप आणली,
आवळली, अजून आवळली,
पाइप कापला गेला.
दगू पगारे प्लंबर म्हणाला,
टोक चहाच्या आधणात बुडवा,
मऊ असताना चढवा, गार झालं की आपोआप बसतं.
बसलं. असं बसलं
की सोडवायला ब्लेड लागलं
आणि बोटाला पट्टी.
टेफ्लॉन गुंडाळला, तर नळ
दाढ दुखणाऱ्या माणसासारखा दिसायला लागला.
शेवटी तीनशे चाळीस रुपयांचं लालपिवळं काहीतरी.
‘कुठल्याही नळाला बसतं काका.’
बसत असेल.
आमचा नळ कुठलाही नव्हता.

पाणी जोरात आलं की पाइप सुटायचा,
मिक्सरवर, डाळीच्या डब्यांवर,
भिंतीवरच्या कालनिर्णयावर.
खालच्या मजल्यावर सोनवणे वहिनी
छताकडे बघून जे बोलायच्या
ते आम्हाला फरशीतून ऐकू यायचं.
बायको म्हणाली, बादलीनं भरा ना.
मी म्हटलं, प्रश्न पाण्याचा नाही.
मग कशाचा?
मी क्लिप आवळत राहिलो.

लीलाबाई गांगुर्डे भांड्यांना येतात.
आधी दिंडोरीकडे द्राक्षबागांमध्ये
ठिबकच्या नळ्या अंथरायच्या,
चौदा वर्षं, गुडघे जाईपर्यंत.
त्या दिवशी बस लवकर मिळाली म्हणून
लवकर आल्या. मी पाइप धरून उभा.
त्यांनी हात पदराला पुसले.
‘सरका जरा.’
नळाचं तोंड दोन बोटांत धरलं
आणि उलटं फिरवलं.

तोंड सुटून हातात आलं.
एक गोल कडी, कडीत जाळी,
जाळीत चिमूटभर वाळू,
गंगापूर धरणापासून
आमच्या ओट्यापर्यंत चालत आलेली.
आणि नळाच्या आत, इतके महिने,
आटे.
बारीक, स्वच्छ, कुणी न वापरलेले आटे.

‘ह्यात बागेतला निपल बसंल,’ त्या म्हणाल्या,
‘वीस रुपयांचा. घरी पडलाय एक.’
दुसऱ्या दिवशी पदराच्या गाठीतून काढला,
काळा, अंगठ्याएवढा.
हातानंच तीन फेरे. पाना नाही, पक्कड नाही.
पाइप त्यावर सरकवला तेव्हा
कट् असासुद्धा आवाज झाला नाही.
पाणी आलं आणि पिंपात गेलं.
मला वाटलं, काहीतरी व्हायचं राहिलं.

वीस रुपये घेतले नाहीत.
मी विचारलं, तुमच्याकडे कसा जोडता?
त्या कढई घासत होत्या.
‘आमच्याकडं गल्लीत एक नळ.
त्याचं तोंड कवाच कुणीतरी काढून नेलं.
हंडा लावायचा
नि आपणच तिरपं उभं ऱ्हायाचं.’
मग त्यांनी कढई उलटी करून पाठ घासायला घेतली.

आता माझी दहा मिनिटं मोकळी असतात.
पाणी येतं, मी ओट्याशी जातोच,
दोन्ही हात पुढे करून,
आणि मग ते कुठे ठेवावेत कळत नाही.

जाळी धुऊन खिडकीत ठेवलीय.
वाळू बशीत आहे.
बायको रोज विचारते, ही टाकू का?
मी म्हणतो, असू दे.