कट्टी

जळगावच्या दवाखान्यातून फोन आला,
मुलगी बोलत होती, आवाजावरून नवी.
दोन स्टेंट टाकून सहा महिने झाले ना काका,
तर एक फॉर्म भरायचाय,
एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम.

म्हटलं, विचारा.
सावद्याला चाळीस वर्षं केळी मोजली मी,
ट्रकमागे ट्रक,
दांड्याची कट्टी वजा करून
व्यापाऱ्याला पटेल आणि बागवाल्याला झोप लागेल
असा आकडा लिहिला.
आकड्याचं मला भय नाही.

जिना चढताना दम लागतो?
स्टेशनच्या पुलावर मधल्या टप्प्याला थांबतो,
वाकून चपलेचा अंगठा नीट करतो.
चप्पल नवीच आहे.
लिहा तीन.

छातीत दुखतं?
दुखत नाही.
पण साधा ढेकर आला तरी हात खिशाकडे जातो,
जिभेखालची गोळी असते तिथे.
शर्ट बदलला की आधी गोळी बदलते,
मग पैसे, मग चष्मा.
ह्याचं काय लिहिता?
ती म्हणाली, काका, फक्त दुखतं का एवढंच आहे.
मग पाच.

खाण्यापिण्याचं?
परवा भालोदच्या मळ्यात भरिताची पार्टी होती.
काड्यांच्या जाळावर वांगी,
बडगीत मिरच्यांचा ठेचा, तेलाचा डबा मोकळा सुटलेला.
माझं एक वांगं वेगळं ठेचलं, मीठ नावाला.
अर्ध्या किलोवरून माझ्याशी काट्यापाशी
तासतासभर भांडणारा नथू वारके
माझं ताट दोन्ही हातांनी आणून देत होता,
सावकाश जेवा म्हणे.
त्यानं भांडायला हवं होतं.
जेवणाचे चार लिहा.

मग तिचा आवाज खाली गेला.
पुढचा वैवाहिक... म्हणजे काका,
हा सोडला तरी चालेल.
स्वयंपाकघरात भांडी थांबली.
मी म्हटलं, सोडा.
भांडी परत वाजू लागली,
जरा जास्तच.

गेल्या चार आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं?
काटा आता पोरगा सांभाळतो,
लाल आकडे आपोआप उमटतात.
मी खुर्ची टाकून बसतो.
हमालानं घड उचलला
की माझाच खांदा हलतो.
दिवस मोजले नाहीत, बाई.
अंदाजे सांगा, म्हणाली.
अंदाजे मी कधी लिहिलं नाही.

शेवटी तिनं बेरीज केली,
छान आहे काका, शंभरात अडुसष्ट.
म्हणजे बत्तीसची कट्टी.
एवढा जड दांडा नसतो, मी म्हटलं.
तिला कळलं नाही.
गोळ्या वेळेवर घ्या म्हणाली नि फोन ठेवला.

रात्रीचं तिनं विचारलंच नाही.
दोनची मालगाडी गेली की
द्वारका उठून बसते.
झोपले का व, म्हणते, उत्तर नको असल्यासारखं.
मी देत नाही.
मग तिचा तळवा छातीवर येतो,
भाकरी थापून थापून घट्टे पडलेला,
आधी अलगद,
मग थोडा दाबून,
आत चालू आहे ना, बघते.

काट्यावर हात ठेवू नका रे,
चाळीस वर्षं हेच ओरडलो मी,
हात ठेवला की माप खोटं होतं.

डोळे मिटून पडून राहतो.
आकडा वाढत असेल तर वाढो.