नेलपॉलिशची रेघ

आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या पिकअपवर चढून आली ती,
निळी, जमिनीपासून चार बोटं वर,
आणि शृंगारतळीच्या नाक्यावरची पोरं
हातातले वडे घेऊन मागे धावली.

मालक निषाद. पुण्याचा. रात्रभर डोळा लागलेला नाही.
म्हणाला, कुंभार्ली उतरताना चिरक-चिरक येत होतं,
मला वाटलं पाखरू असेल.
मग मोडकाआगरला बॅटरीचा दिवा लागला,
स्टिअरिंग दगड झालं,
काटा लाल घरात.

पाखरू नव्हतं, साहेब. पट्टा होता.
सुफियानने चाक काढलं, आतलं प्लास्टिक काढलं,
टॉर्च मारून मला बोलावलं:
क्रँकची पुली दोन तुकडे.
मधला गाभा जागेवर, बाहेरचं कडं तिरकं लोंबतंय,
टायमिंगच्या कव्हरला घासून घासून
नखाएवढी खाच पाडलेली.

दोन लोखंडांच्या मध्ये असतं बोटभर रबर.
कोण विचारतो त्याला?
सिलिंडरात भडका उडाला की क्रँक पिळवटतो,
केसभर पुढे, केसभर मागे,
मिनिटाला हजारो वेळा,
आणि तो पीळ हे रबर गपगुमान पिऊन टाकतं.
दहा वर्षं प्यायलं. मग सुटलं.
जाताना एक खोटंही बोलून गेलं:
कड्यावरची शून्याची खूण चार बोटं सरकलेली.
तिच्यावर भरवसा ठेवून कुणी टायमिंग लावलं असतं,
तर इंजिनाने आपलेच दात पाडले असते.

निषादने मोबाइल पुढे केला.
ही बघा, अ‍ॅल्युमिनियमची, अखंड.
रबरच नाही, म्हणजे सुटायचा प्रश्नच नाही.
वजन अर्धं, वर सहा घोडे जास्त.

मी हात पुसत राहिलो.
घोडे मिळतील हो.
थरथर कुठे बांधणार?

दाभोळच्या धक्क्यावर, पंधराव्या वर्षी,
मी मुबारकभाई खोतांच्या हाताखाली होतो.
एका ट्रॉलरचा डॅम्पर असाच फाटला.
पापलेट लागलेलं, तांडेल घाईत,
म्हणाला, वेल्डिंग मारा नि सोडा.
भाई नाही म्हणाले. दुसऱ्या कुणी मारलं.
सतराव्या दिवशी अंजनवेलच्या बाहेर क्रँक मोडला.
भाईंनी मोडलेलं तोंड रॉकेलने धुतलं
आणि मला उन्हात नेलं. बघ.
लोखंडावर रेघा होत्या, एकीमागे एक,
ओहोटी वाळूवर सोडत जाते तशा,
रोज थोडी थोडी आत सरकलेली चीर.
शेवटचा तुकडा तेवढा खडबडीत, जाड्या मिठासारखा:
तो एका क्षणात गेलेला.

हे सगळं निषादला सांगितलं नाही.
म्हटलं, रबरवालीच मागवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिपळूणच्या एसटीने खोकं आलं.
तोवर त्याने बांगडा काट्यांसकट खायचा प्रयत्न केला,
दोनदा ठसका लागला.

बोल्ट सुटेना.
पान्याला ट्रॉलरचा जुना पाइप जोडला, सहा फुटी,
सुफियान अख्खा लोंबकळला,
तेव्हा कुठे तो ओरडला, शेपटीवर पाय पडल्यासारखा.
सील नवं. पट्टा नवा.
बोल्टही नवाच. जुना एकदा ताणलेला,
दुसऱ्यांदा ताणायचं त्याच्या हाडात नसतं.
टॉर्क पान्याची टिक ऐकली,
मग वर पाव फेरा, श्वास धरून.

आणि मेहेकची जांभळी नेलपॉलिश आणवली घरून.
गाभ्यापासून रबरावरून कड्यापर्यंत
एक सरळ रेघ ओढली.
महिन्यातून एकदा चाक वळवून बघत जा, म्हटलं.
रेघ मोडलेली दिसली, की...
की काय?
की थांबा, तिथेच. घाट असो नाहीतर गोवा.

सुरू केली. पत्र्यावर ठेवलेला चहाचा ग्लास
हलला, मग हलायचा थांबला.
निषाद त्या ग्लासाकडेच बघत होता.

संध्याकाळी मेहेकने बाटली मागितली.
झाकणाला ग्रीस लागलेलं.
तिने ते ओढणीला पुसलं, आईने पाहायच्या आत,
आणि उरलेली नखं रंगवायला बसली.